दीडशे अक्षरांत मावणारी भाची

आमच्या घरात कुणालाही काही लिहून हवं असलं की माझी आठवण होते. तक्रार अर्ज, निरोप समारंभाचं भाषण, मृत्युलेख, सगळं माझ्याकडे. त्यामुळे भाचीने अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा "निबंधाचं मामा बघेल" असं ताईने परस्पर जाहीर करून टाकलं. मला विचारण्याची पद्धत नाही.

आधी आकडे बघितले, तेच चुकलं ताईचं. २०२४ साली हार्वर्डच्या नव्या वर्गासाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार गेला. म्हणजे शंभरातले शहाण्णव परत. आणि ते शहाण्णव काही ढ नव्हेत, आपापल्या शाळेत पहिलेबिहिले आलेलेच. भावोजींनी मात्र चष्मा पुसत विचारलं, "मग उरलेल्या साडेतीन टक्क्यांत आपण का नाही?" या 'आपण'मध्ये ते स्वतः किती आणि मुलगी किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

बहुतेक विद्यापीठांचा अर्ज 'कॉमन अ‍ॅप' नावाच्या एकाच ठिकाणी भरता येतो. त्यात अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी दहा रकाने असतात. प्रत्येकाचं वर्णन दीडशे अक्षरांत, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून. शिवाय हे दर आठवड्याला किती तास करता आणि वर्षातले किती आठवडे, तेही भरायचं. ताईने उत्साहात सगळे तास भरले. मी बेरीज केली. आठवड्यात १६८ तास असतात. शाळा, क्लास, जेवण आणि ताईने भरलेले तास मांडल्यावर पोरीला झोपायला रोज पावणेदोन तास उरत होते. "झोप कमी असते हल्लीच्या मुलांना," ताई म्हणाली.

खरी अडचण दहा रकाने भरण्याची नव्हती, भाचीची होती. तिला मनापासून आवडणारा उद्योग एकच. त्यांच्या इमारतीची लिफ्ट कधी बंद पडली याची ती वहीत नोंद ठेवते. तारीख, वेळ, कितव्या मजल्यावर, आत कोण होतं, दुरुस्तीवाला काय म्हणाला. चार वर्षं. पावसाळ्यात लिफ्ट जास्त बंद पडते हा तिचा निष्कर्ष आहे, आणि तो सोसायटीच्या सभेत मांडल्यावर अध्यक्षांनी तिला बसायला सांगितलं होतं. ताईच्या मते हे लिहिण्यासारखं नव्हतंच. मी लिहून पाहिलं: 'शहरी उभ्या वाहतुकीतील बिघाडांचे दीर्घकालीन सांख्यिकीय संशोधन व लोकजागृती'. भाचीने वाचलं आणि विचारलं, "मामा, यात लिफ्ट कुठेय?"

मग मुख्य निबंध. कमाल ६५० शब्द. दिलेल्या विषयांत एक असतो अडचण, अपयश किंवा धक्का, आणि त्यातून काय शिकलात. घरभर संकटाचा शोध सुरू झाला. ताईला अपेंडिक्स आठवलं, पण ते भाचीच्या आत्येभावाचं निघालं. भावोजींनी नोकरीतली बढती हुकल्याचा प्रसंग देऊ केला, तपशिलांसकट, साहेबाच्या नावासकट. आजी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "माझं लिही गं. मी भरपूर सोसलंय." सतरा वर्षांच्या मुलीला घरच्यांनी जपून वाढवलं, आणि आता त्याच घरच्यांना ती पुरेशी पोळलेली नाही याची काळजी लागली होती.

सगळ्यांचा सल्ला एकच: तू जशी आहेस तशी दिस. सांगायला काय जातं! लहानपणापासून तिला शिकवलं की आपली बढाई आपण मारू नये. आता म्हणतात मार, पण मारतेयस हे कळू देऊ नकोस.

शिफारसपत्रांची गंमत तर वेगळीच. प्रवेश घेतल्यावर आपल्याबद्दलची ही पत्रं पाहण्याचा हक्क अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने दिलाय, आणि अर्जातच विचारतात की हा हक्क सोडताय ना? जाणकार सांगतात, डोळे मिटून सोडा. सोडला. मग गणिताच्या सरांचा मला फोन आला. शिक्षकांच्या फॉर्ममध्ये एक तक्ता असतो: सरासरीपेक्षा कमी, सरासरी, चांगला, खूप चांगला, उत्कृष्ट, असामान्य, आणि सगळ्यात वर 'माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी'. सर म्हणाले, "मी 'चांगली'वर खूण करणार होतो. पोरगी चांगली आहे." सरांनी आयुष्यात कुणालाही याहून वर चढवलेलं नाही, त्यांच्या लेखी 'चांगला' म्हणजे पद्मश्री. तो खालून तिसरा रकाना आहे हे मी त्यांना दहा मिनिटं समजावत होतो. शेवटी म्हणाले, "मग यांना 'चांगला'चा अर्थच कळत नाही." फोन ठेवला. पुढे कुठे खूण केली ते हक्क सोडल्यामुळे कळायचा मार्ग नाही.

यानंतर प्रत्येक विद्यापीठाचे आपापले प्रश्न. स्टॅनफर्डला भावी खोलीसोबत्याला पत्र हवं. येलला १२५ शब्दांत सांगायचं की येलच का. शिकागो विद्यापीठ विचित्र प्रश्नांसाठीच प्रसिद्ध; एका वर्षी त्यांनी नुसतं 'क्ष शोधा' एवढंच विचारलं होतं. भाचीला हा प्रश्न फार आवडला. भावोजींनी वही ओढली आणि समीकरण कुठेय म्हणून शोधत बसले.

'आमचंच विद्यापीठ का' याला खरं उत्तर 'तुम्ही प्रसिद्ध आहात म्हणून' असं असतं, आणि तेवढं सोडून बाकी काहीही चालतं. एकाचं उत्तर दुसऱ्याला डकवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. म्हणून रात्री मी फक्त एवढंच काम केलं: प्रत्येक निबंधात दुसऱ्या विद्यापीठाचं नाव शिल्लक आहे का ते हुडकणं. एकात सापडलं. तो मजकूर ताईने सुधारलेला होता.

हार्वर्डची मुदत १ जानेवारी, रात्री ११:५९. भावोजींनी भिंतीवर दोन घड्याळं लावून अमेरिकेच्या वेळेचा हिशेब मांडला होता. भाचीने शांतपणे दाखवलं की अर्जदार जिथे असेल तिथली वेळ धरतात. म्हणजे हाताशी आहे असं वाटलेले साडेदहा तास त्या क्षणी गेले. घरात जी पळापळ झाली, ती नोंदवहीत जायला हवी होती.

निबंध शेवटी लिफ्टवर गेला. तिने एकटीने लिहिला, दार लावून. मला वाचायला दिला तो स्वल्पविराम बघण्यापुरता. अध्यक्षांनी बसायला सांगितलं ते त्यात आहे, आणि ती बसली नव्हती हेही आहे. मला माहीत नव्हतं.

बटण दाबल्यावर पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उधळले. ताईने टाळ्या वाजवल्या. आजीने विचारलं, "लागला का निकाल?" निकाल मार्चअखेर, असं सांगितल्यावर म्हणाली, "मग हे काय उधळतायत?"