दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षांचा मुक्काम नव्हे

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘बी-2 (पर्यटकांचा) व्हिसा 10 वर्षांचा असतो, तोवर कितीही राहा. इमिग्रेशन खातं एकच आहे, व्हिसा दिल्यावर कोणी अडवत नाही. मुक्काम वाढवायचा तर वकिलातीला ईमेल करा. मुलाला ग्रीन कार्ड मिळालं की आईवडिलांचंही होतं.’ यातलं एकही वाक्य खरं नाही.

आधी ते ‘एकच खातं’. आयएनएस नावाचं अमेरिकेचं इमिग्रेशन खातं होतं खरं, पण ते 1 मार्च 2003 रोजी मोडीत निघालं. व्हिसा देतं अमेरिकेचं परराष्ट्र खातं, म्हणजे आपल्यासाठी मुंबईत बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुलातलं) कॉन्सुलेट. अमेरिकेच्या विमानतळावर बसतात ते सीबीपीचे, म्हणजे सीमा तपासणी यंत्रणेचे अधिकारी, आणि ते गृहसुरक्षा खात्याचे. व्हिसा हा फक्त त्यांच्या खिडकीपर्यंत जाण्याचा परवाना आहे. आत सोडायचं की नाही आणि किती दिवसांसाठी, हे तिथेच ठरतं. बीकेसीतल्या होकाराने त्यांचे हात बांधले जात नाहीत.

सगळ्यात घातक आहे ते ‘कितीही राहा’. खिडकीवर बोटांचे ठसे होतात, फोटो निघतो, ‘किती दिवस राहणार?’ असं विचारतात आणि तुमच्या नावाने आय-94 ही नोंद तयार होते. विमानाने येणाऱ्यांना तिचा कागद सहसा हातात मिळत नाही, म्हणून अनेकांना ती ठाऊकच नसते. सीबीपीच्या साइटवर पासपोर्ट नंबर टाकून पाहा: ‘अॅडमिट अंटिल’पुढची तारीख हीच तुमची मुदत, बहुधा 6 महिन्यांची. ती ओलांडून एक दिवस जरी राहिलात तरी तो 10 वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. मुदत संपल्यानंतर 180 दिवसांपेक्षा जास्त राहून परतलात तर 3 वर्षं प्रवेशबंदी, वर्ष उलटलं तर 10 वर्षं. सत्तरीतल्या आजीसाठी 10 वर्षं म्हणजे काय, हे असले मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी जरा डोळ्यांसमोर आणावं.

मुदतवाढ वकिलात देत नाही. तो अर्ज, आय-539, यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकन यंत्रणेकडे करायचा, अमेरिकेत असतानाच आणि आय-94ची तारीख उलटण्याआधी. सुनेचं बाळंतपण लांबलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अशी खरी कारणं असतील तर ती कागदांनिशी मांडा. उशिरा केलेला अर्ज ते सहसा ऐकून घेत नाहीत.

ग्रीन कार्डचं उत्तर सोपं आहे. आईवडिलांसाठी अर्ज फक्त अमेरिकन नागरिक करू शकतो, तोही वयाची 21 वर्षं पूर्ण झालेला. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला ती सोयच नाही.