शाल-श्रीफळ नंतर द्या, आधी लॉगबुक उघडा

विजय दिनाला बॉम्बर स्क्वॉड्रनच्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याचा सत्कार असला की निवेदकाचं वाक्य ठरलेलं असतं: 'सरांनी शत्रूच्या हद्दीत घुसून बॉम्बफेक केली.' टाळ्या पडतात, फोटो निघतो, सर खाली उतरतात. कुठल्या तळावर, कुठल्या रात्री आणि विमानात सोबत कोण होतं, हे कोणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे: नॅव्हिगेटरचं, म्हणजे विमानात वाट काढणाऱ्या आणि बॉम्बचा नेम धरणाऱ्या सोबत्याचं, नाव न घेता केलेला बॉम्बर वैमानिकाचा सत्कार अर्धाच असतो.

याचं कारण विमानाच्या रचनेत आहे. आपल्या हवाई दलात 1957 पासून कॅनबेरा हे जेट बॉम्बर विमान आलं आणि 2007 पर्यंत, म्हणजे 50 वर्षं, राहिलं. त्यातलं बॉम्बफेकीचं मॉडेल बी(आय)58 दोन माणसांचं. वैमानिक वर, डावीकडे सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली, इजेक्शन सीटवर (संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीवर). नॅव्हिगेटर खाली, नाकाच्या अंगाला. बॉम्ब टाकायची वेळ आली की त्याने पुढे सरकायचं आणि पालथं पडून काचेतून नेम धरायचा. त्याला इजेक्शन सीट नव्हतीच. विमान सोडायची पाळी आली तर छातीवर पॅराशूट अडकवून बाजूच्या दारापर्यंत पोचायचं आणि उडी टाकायची. मार बसून गरगरणाऱ्या विमानात, अंधारात, हे कितपत जमणार? 21 सप्टेंबर 1965 च्या रात्री पाकिस्तानी एफ-104 या लढाऊ विमानाने आपलं एक कॅनबेरा पाडलं. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट लो इजेक्ट झाले आणि युद्धकैदी झाले. नॅव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर के. के. कपूर वाचले नाहीत. हा धोका ठाऊक असूनही ही माणसं रोज त्या दारातून आत शिरत होती.

आपल्याकडे तर हा इतिहास दाराशी आहे. 18 डिसेंबर 1961 ला पुण्याहून गेलेल्या 12 कॅनबेरांनी, गोवा मुक्तीच्या कारवाईत, गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर 63,000 पौंड बॉम्ब टाकले. नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांचं. नंतर आणखी 8 विमानं गेली, ती विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली. धावपट्टी फोडायची पण विमानतळाच्या बाकी इमारती शाबूत ठेवायच्या, असं ते काम होतं. (तिथली दोन प्रवासी विमानं वाचली आणि पोर्तुगीजांनी घाईघाईने खड्डे बुजवून रात्रीत ती पळवली, हा भाग वेगळा.) नेत्यांची नावं पुस्तकांत सापडतात. त्या 20 विमानांतल्या नॅव्हिगेटरांची नावं लोहगावात किंवा वास्कोत विचारून बघा. आणि 63,000 पौंड म्हणजे साडेअठ्ठावीस टन माल. तो विमानांखाली नेऊन, अडकवून, फ्यूज लावून, सेफ्टी पिना मोजून घेणारे आर्मरर कोण होते? त्यांचा सत्कार तर मी अजून एकाही मंचावर पाहिलेला नाही.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक 2019 मध्ये झालं. त्याच्या त्यागचक्रात शहीदांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत आणि ती शोधताही येतात. पण जे परत आले, त्यांची नोंद घरच्या कपाटात आहे. 1965 ला बाविशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. तो गेल्यावर त्याचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, बहुतेक वेळा रद्दीच्या गठ्ठ्यात जातं, कारण नातवाला ती आकड्यांची वही वाटते.

ती वही वाचायची कशी, ते सांगतो. प्रत्येक ओळीत तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक, सोबतचा क्रू, काम आणि वेळ असते. क्रमांकाची सुरुवातीची अक्षरं बघा: आयएफ म्हणजे बॉम्बर, आयपी म्हणजे छायाचित्रण टेहळणीचं, आयक्यू म्हणजे प्रशिक्षणाचं. वडील 'कॅनबेरावर होते' एवढंच माहीत असलेल्या घराला इथे कळतं की ते बॉम्ब टाकत होते की फोटो काढत होते. दुसरी गोम तारखेची. रात्रीची मोहीम मध्यरात्र ओलांडते, त्यामुळे पाकिस्तानातल्या पेशावर तळावरचा कॅनबेरांचा हल्ला कोणी 13 सप्टेंबरचा सांगतो, कोणी 14 चा. दोघंही बरोबर असतात. नोंद करताना '13-14 सप्टेंबर 1965 ची रात्र' असंच लिहा, नाहीतर पुढे एका हल्ल्याचे दोन हल्ले होतात. जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांकडे लॉगबुक नसतं. त्यांच्यासाठी सेवापुस्तिका आणि स्क्वॉड्रनचे ग्रुप फोटो हाच आधार. फोटोमागे नावं मऊ पेन्सिलीने, कडेला लिहा. बॉलपेनने लिहिलंत तर दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.

आठवणी टिपायला बसलात तर पंखा बंद करा आणि ज्या कानाने त्यांना नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा. जेट इंजिनांशेजारी उमेदीची वर्षं काढलेल्या माणसांचे कान शाबूत राहत नाहीत. एका बैठकीत तासाच्या आत थांबा. 'कसं वाटलं?' ने सुरुवात करू नका. लॉगबुकातल्या एका ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, 'या रात्री तुमच्यासोबत कोण होतं?' बाकीचं आपोआप येतं. 65 आणि 71 च्या आठवणी एकमेकींत मिसळतात, तेव्हा मध्येच चुका काढू नका. ताळा नंतर वहीशी घाला.

कागद जपताना लोक प्रेमापोटी वाटोळं करतात. लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही. सेलोटेप नको, ती पिवळी पडून शाई खाते. चिकट पानांचे अल्बम फोटोंचे वैरीच. स्कॅन 600 डीपीआयला, कोऱ्या पानांसकट आणि कव्हरसकट करा. कोकणात आणि मुंबईत हे काम पावसाळ्यात काढू नका, ओल धरलेली पानं उलगडतानाच फाटतात. वही आम्लरहित कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि कसर लागली का ते वर्षातून दोनदा बघा. पदकं ब्रासोने घासू नका. 1971 च्या संग्राम पदकासारख्या गोल पदकाची कड भिंगाखाली धरा: तिथे कोरलेलं नाव आणि क्रमांक हाच ते पदक कोणाचं याचा पुरावा, आणि चकाकीच्या नादात आधी तोच झिजतो.

मूळ वही कोणाला द्यायचीच असेल तर आधी पूर्ण स्कॅन, मग लेखी पोच, मग वही. आणि फेसबुकवर टाकताना सेवा क्रमांक, पत्ता आणि पेन्शनच्या पीपीओचा (पेन्शन आदेशाचा) आकडा झाका. म्हाताऱ्या फौजींना फोनवर गंडवणारे नेमकं हेच शोधत असतात.