फोटोओळीत सगळं खरं होतं

दर वसंतात आम्स्टरडॅमच्या न्यूवे केर्क या जुन्या चर्चमध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेचं प्रदर्शन भरतं. इथे आल्यापासून मी ते सहसा चुकवत नाही. सोबत इथलं कोणी असलं, की एखाद्या फारच देखण्या फोटोपाशी प्रश्न ठरलेला: "याची रॉ फाइल तपासली असेल ना?" रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, हात न लावलेली मूळ फाइल.

प्रश्न रास्त आहे. २०१५ साली या स्पर्धेत अंतिम फेरीच्या अलीकडे पोचलेल्या फोटोंपैकी २० टक्के बाद झाले. मूळ फाइल मागवल्यावर कळलं, की कुठे कोपऱ्यातली अडचण पुसलीय, तर कुठे सावली इतकी काळी केलीय की तिच्यात जे होतं ते गडप. त्याच्या आदल्या वर्षी सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातून सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला, म्हणून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळवलेल्या नार्सिसो कॉन्त्रेरासशी संबंध तोडले. कॅमेरा तिथे नसता तरी बातमीत तसूभर फरक पडत नव्हता. तरीही काम गेलं, आणि मला ते पटतं. एकदा पुसायची सवय लागली की हात कुठे थांबेल, कोणी सांगावं?

पण या पिक्सेलमोजणीत काय निसटतं, ते मला २०१८च्या जुलैत कळलं. वर्ल्ड प्रेस फोटोच्याच इन्स्टाग्रामवर अलेसियो मामो या इटालियन छायाचित्रकाराचे उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातले फोटो झळकले. गावातली गरीब माणसं, पुढ्यात टेबल, टेबलावर खोटं अन्न, आणि डोळ्यांवर हात. आवडीचं जेवण समोर आहे अशी कल्पना करा, असं त्याने त्यांना सांगितलं होतं. टेबल आणि खोटं अन्न आपणच नेलं, हे त्याने फोटोसोबत लिहूनही टाकलं होतं. म्हणजे लपवाछपवी शून्य.

तिकडे, म्हणजे आपल्याकडे, संताप उसळला. "आमची भूक विकता?" इथल्या ओळखीच्यांना तो संताप नीटसा कळेना. मांडलेला फोटो मांडलेला म्हणून सांगितला, मग फसवणूक कुठे, असं त्यांचं म्हणणं. मी आपल्या लोकांच्या बाजूने होतो, अजूनही आहे. खरं बोललं की सगळं माफ, हा हिशेब बघणाऱ्याच्या सोयीचा. टेबलामागे उभं केलेल्या माणसाचं त्यात काय?

इथल्या नियमांचा कल २०१५च्या आणखी एका प्रकरणात दिसला होता. याच स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या, जोव्हानी त्रोइलो या इटालियन छायाचित्रकाराच्या बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या मालिकेत त्याचा नात्यातला भाऊ गाडीत संभोग करताना दिसतो. भावाला फोटोची कल्पना होती, गाडीत फ्लॅशही ठेवलेला होता. ते चाललं. बक्षीस गेलं ते एक फोटो शार्लरुआचा नसून ब्रसेल्समधल्या मोलेनबेकचा निघाला म्हणून! गावाचं नाव चुकलं, तिथे नियमाला धरायला काहीतरी सापडलं.

मात्र मामोवर तुटून पडणारे आम्ही घरच्या फोटोंना कोणती फूटपट्टी लावतो? डिसेंबर २०१५मध्ये चेन्नईच्या पुराची हवाई पाहणी करणाऱ्या पंतप्रधानांचा फोटो पत्र सूचना कार्यालयाने ट्विट केला. खिडकीत बुडालेल्या शहराचं स्वच्छ दृश्य डकवलेलं होतं. पकडलं गेल्यावर तो काढून टाकला. दोन दिवस विनोद झाले, संपलं. परक्याने आमची गरिबी मांडली तर अब्रूचा प्रश्न, आणि आमच्याच सरकारने खिडकी मांडली तर करमणूक. हे मला झेपत नाही. (इतक्या लांबून बोलणं सोपं, हेही कबूल.)

माझा मामेभाऊ वर्तमानपत्रासाठी फोटो काढतो. गेल्या सुट्टीत त्याच्यासोबत एका वृक्षारोपणाला गेलो होतो. साहेबांनी रोप लावलं, पाणी घातलं, निघाले. एवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, एकदा परत, इकडे बघून!" साहेब वळले, रिकामी झारी पुन्हा वाकवली, हसले. दुसऱ्या दिवशी छापून आला तो हाच दुसरा फोटो. फोटोओळीत नाव, हुद्दा, ठिकाण, सगळं बरोबर.

झारी रिकामी होती, हे मी भावाला म्हटलं. तो लेन्स पुसत होता. म्हणाला, "रॉ फाइल देऊ का? घेऊन जा तुमच्या आम्स्टरडॅमला. काही सापडायचं नाही तिच्यात."