कमरेचं पिस्तूल आणि खांद्याची कार्बाइन

महाराष्ट्रात बंदुकीचा विषय निघाला की हल्ली दोनच टोकं दिसतात. एका टोकाला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यानं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं आणि खाशाबा जाधवांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभलं. दुसऱ्या टोकाला बीड. त्याच वर्षाच्या अखेरीस मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने कोणी, कोणाच्या शब्दाखातर वाटले यावर गदारोळ उठला. हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले, पुढे बरेच परवाने रद्दही झाले.

मी ओहायोत राहतो आणि रविवारी सकाळी कार्बाइन घेऊन रेंजवर जातो. मला या दोहोंपैकी कुठल्या टोकाला बसवावं हे घरच्यांना कळत नाही. पदकाचं वय केव्हाच उलटलं, आणि कमरेला लावून मिरवायची हौस नाही. निव्वळ मजा म्हणून सभ्य माणूस बंदूक चालवतो, ही जागाच आपल्याकडच्या चर्चेत नाही.

आधी मजा कसली ते सांगतो. पिस्तूल-कॅलिबर कार्बाइन, इथल्या भाषेत पीसीसी, म्हणजे काडतूस पिस्तुलाचं, बहुधा ९ एमएम. पण दस्ता खांद्याला टेकतो आणि नळी १६ इंचांची. नळी एवढी लांब असते ती मुख्यतः कायद्यापायी. १९३४ च्या फेडरल कायद्यानुसार त्याहून आखूड नळीची रायफल सरकारदरबारी नोंदवावी लागते. त्यावरचा २०० डॉलरचा कर जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणीचं लचांड कायम आहे. गोळीला स्वतःला एवढ्या नळीची गरज नसते. वेगाचा बहुतेक फायदा दहा-बारा इंचांतच पदरात पडतो.

पिस्तुलानं नेम धरायला वर्षं जातात. हात थरथरतो, चाप ओढताना मनगट हलतं. तेच काडतूस खांद्याला टेकवून मारलं की नवखा माणूससुद्धा पहिल्याच दिवशी पन्नास यार्डांवरची पोलादी थाळी वाजवतो. सरावाची ९ एमएमची गोळी पाव डॉलरच्या आसपास मिळते, रायफलीची साधारण दुप्पट. शिवाय पिस्तुलासाठी बांधलेल्या इनडोअर रेंजवर आणि जवळ लावलेल्या पोलादी टार्गेटवर रायफल बहुधा चालू देत नाहीत, पीसीसी चालते. हौशी माणसाला आणखी काय हवं?

घेताना मात्र दुकानातल्या दिखाव्याला भुलू नये. यातल्या बहुतेक बंदुका ब्लोबॅक पद्धतीच्या. गोळी सुटेपर्यंत मागचा बोल्ट धरून ठेवणारी कुठलीही कडी नसते. नुसतं त्याचं वजन आणि स्प्रिंग. त्यामुळे एवढ्याशा काडतुसाचा धक्का अपेक्षेपेक्षा जास्त बसतो. एमपी५ या जर्मन सबमशीनगनच्या घराण्यातली, बोल्टला रोलरनं क्षणभर रोखणारी रोलर-डिलेड यंत्रणा किंवा सिग एमपीएक्सची गॅस पिस्टन हाताला लोण्यासारखी लागते, पण पैसे तिप्पट मोजायची तयारी हवी. केलटेकची सब-२००० मधोमध घडी होऊन बॅगेत मावते, गालाला मात्र टोचते. मी रुगरची पीसी कार्बाइन घेतली. तिच्या बोल्टमध्ये धक्का शोषणारं टंगस्टनचं वजन आहे, दोन तुकडे होतात, ग्लॉकचं मॅगझिन चालतं. दिसायला ठोकळा आहे, असू दे. वाचलेले पैसे चांगल्या रेड डॉटवर, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणाऱ्या दुर्बिणीसारख्या काचेवर, आणि गोळ्यांवर घालावेत.

रेड डॉटची एक गंमत. पंचवीस यार्डांवर नेम जुळवलेला असतो, म्हणून पाच यार्डांवरच्या पत्त्याएवढ्या चौकटीच्या बरोबर मधोमध ठिपका ठेवून चाप ओढावा, तर भोक दीड इंच खाली पडतं. डॉट नळीच्या दोन इंच वर बसलेला, आणि खालून निघालेली गोळी नजरेच्या रेषेपर्यंत अजून चढलेली नसते. जवळचं टार्गेट सोपं म्हणून बेफिकीर राहिलेला माणूस हमखास तिथंच गुण घालवतो. यूएसपीएसए या इथल्या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत २०१६ पासून पीसीसीचा वेगळा विभाग आहे. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, असा हिशेब. नुसतं वेगानं मारून भागत नाही, नुसतं जपून मारूनही नाही.

आणि शिस्त! स्पर्धेतल्या एका स्टेजवरून, म्हणजे टप्प्यावरून, दुसरीकडे जाताना चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, रंगीत प्लास्टिकची पट्टी खोचलेली हवी, म्हणजे बंदूक रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. 'अनलोड अँड शो क्लिअर' ऐकू आलं की अब्जाधीश असो की ट्रक ड्रायव्हर, मुकाट्यानं रिकामं चेंबर दाखवतो. नळी भलतीकडे वळली की नाव बाद, हुज्जत नाही. घरी परतल्यावर गोळ्यांचं शिसं हाताला लागलेलं असतं म्हणून थंड पाण्यानं हात धुवायचे, कपडे वेगळे टाकायचे.

हे वाचून आपल्याकडेही परवाने मोकळे करा, असं कोणी म्हणेल. पदकानंतर काहींनी म्हटलंही. मला ते मान्य नाही, आणि कारण मी राहतो तो देशच आहे. २०२३ मध्ये इथं बंदुकीनं सुमारे ४६,७०० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या. म्हणजे बंदूक परक्याच्या हातात असण्याइतकीच ती आपल्याच घराच्या कपाटात असणं हीही गोष्ट जिवावर बेतते. माझी तिजोरीत असते, काडतुसं दुसऱ्या कुलपात. पण माझ्या राज्यात तिजोरी वापरायची सक्ती कोणी केलेली नाही. क्लबातले मित्र याला स्वातंत्र्य म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालतो, मग त्यांच्याच शेजारच्या लेनमध्ये उभा राहतो. विसंगती आहे, कबूल.

हे स्वातंत्र्यही सरसकट नाही. एच-वन व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही. अपवाद काय, तर शिकारीचा परवाना. आयुष्यात ससाही न मारणारे सॉफ्टवेअरवाले केवळ त्यापायी हरणाच्या शिकारीचा परवाना काढतात. मी ग्रीन कार्डापर्यंत थांबलो.

आपल्याकडे माझी कार्बाइन मिळणं जवळपास अशक्यच. ९ एमएम तिथं प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य परवानाधारकाला न मिळणारं माप, पोलिसांच्या हातातलं. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा दिली आणि लग्नावरातीतल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद लावली. ते बरोबरच झालं. पण नेमबाजी वाढवायला हा कायदा सैल करावा लागतो, हा युक्तिवाद खोटा आहे. १० मीटरची एअर रायफल, म्हणजे .१७७ चा छर्रा आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद, आजही विनापरवाना चालते. अडतं ते रेंजवर. बालेवाडी आहे, कोल्हापुरात परंपरा आहे, पण तालुक्याच्या मुलानं छर्रे कुठं मारायचे? शाळेच्या बंद पडलेल्या हॉलमध्येही दहा मीटर निघतात. क्लबाच्या मालकीच्या रायफली, तासाचं भाडं, एक कडक प्रशिक्षक, आणि बंदूक कोणाच्याही घरी जाणार नाही. हे सोडून जो पुढारी कुसाळेचं नाव घेऊन स्वतःच्या कार्यकर्त्यांसाठी परवाने मागतो, त्यानं ती पिस्तुलं कुठल्या स्पर्धेत उतरणार आहेत तेवढं सांगावं.