आधी दार लावा, मग दिवा!

क्रूझवरच्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये रात्री डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. त्यात घरचंच कुणीतरी उठतं, बाथरूमचं दार सताड उघडं टाकून खटकन दिवा लावतं. पांढराफटक झोत थेट माझ्या उशीवर! अहो, आधी आत जा, दार लावा, मग लावा ना दिवा! वर तो फ्लश. जहाजातला फ्लश व्हॅक्यूमवर चालतो, सगळं एका दमात खेचून घेतो, आणि त्या दणक्यात झोपेचं पार खोबरं. निदान आधी झाकण तरी पाडा! बहुतेक केबिनच्या भिंती लोखंडी पत्र्याच्या असतात, बॅटरीवरचा चुंबकाचा मिणमिणता दिवा सहज चिकटतो. तो घ्या म्हणून निघण्याआधीपासून कानीकपाळी ओरडतेय. ऐकतंय कोण? सकाळी वर मलाच विचारतात, 'डोळे का सुजलेत गं?'