तरंगणाऱ्या थेंबाला चुंबक खेचून धरत नाही

तांब्याच्या वेटोळ्यात वितळलेल्या धातूचा थेंब अधांतरी तरंगत असल्याची चित्रफीत सर्वत्र फिरते आहे. तिच्यासोबत असा मजकूर असतो: ‘चुंबकाने धातूला खेचून धरले आहे; चुंबकीय क्षेत्राने अणू स्थिर होतात, म्हणूनच हा धातू गोठणबिंदूच्या खाली जाऊनही गोठत नाही.’ चित्रफीत खरी आहे, पण तिचा हा अर्थ चुकीचा आहे.

आधी खेचण्याचा मुद्दा. लोखंड 770 अंश सेल्सिअसला आपले लोहचुंबकत्व गमावते आणि वितळते 1538 अंशांना, म्हणजे द्रव होण्याच्या कितीतरी आधीच चुंबकाची त्याच्यावरची पकड सुटलेली असते. शिवाय ज्यांना चुंबक कधीच चिकटत नाही ते तांबे आणि ॲल्युमिनियमही या वेटोळ्यात तरंगतात. वेटोळ्यातला विद्युतप्रवाह सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो. त्याच्या बदलत्या क्षेत्रामुळे थेंबात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण होतात आणि लेंझच्या नियमानुसार ते मूळ क्षेत्राला विरोध करत असल्याने थेंब तीव्र क्षेत्राकडून क्षीण क्षेत्राकडे लोटला जातो. ही ढकल आहे, ओढ नव्हे. इंडक्शन शेगडीवरचे भांडे जसे तापते, तसा याच करंटमुळे थेंब तापतोही.

न गोठण्याचे श्रेय चुंबकाला देणे ही त्याहून मोठी चूक आहे. द्रव गोठायला स्फटिकाचे बीज लागते, आणि ते बहुधा भांड्याच्या भिंतीवर किंवा एखाद्या अशुद्ध कणावर तयार होते. तरंगत्या थेंबाला भिंतच नसते. पदार्थशास्त्रज्ञ डेव्हिड टर्नबुल यांनी 1950 च्या सुमारास धातूंचे अतिसूक्ष्म थेंब करून, कोणत्याही चुंबकाविना, खोल अतिशीतन, म्हणजे गोठणबिंदूच्या बरेच खाली जाऊनही द्रव राहणे, साधले होते. थेंब इतके लहान होते की बहुतेकांच्या वाट्याला अशुद्ध कण आलाच नाही. निकेल 1455 अंशांना वितळते, पण तरंगत्या थेंबावर हेलियमचा झोत सोडून ते निवत नेले, तर 1200 अंशांच्या आसपासही द्रव राहू शकते. मग एका बिंदूपाशी बीज रुजते, तिथून लखलखती कड निघते आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सगळा थेंब उजळून टाकते, कारण गोठताना बाहेर पडलेली उष्णता त्याला पुन्हा तापवते. हा क्षण टिपायला अतिवेगवान कॅमेराच लागतो.

राहिला स्थिर करण्याचा दावा. त्यात अर्धे सत्य आहे, पण दोन वेगळ्या क्षेत्रांची तिथे गल्लत झाली आहे. थेंबाला उचलणारे बदलते क्षेत्र त्याला शांत करत नाही. उलट ते आतला द्रव जोरात घुसळते आणि थेंब सतत डुचमळत राहतो. त्यावर अतिवाहक (विजेला रोध नसलेल्या तारांच्या) चुंबकाचे काही टेस्लांचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) अचल क्षेत्र लावले, तर क्षेत्ररेषा छेदून वाहणाऱ्या द्रवात नवे करंट निर्माण होऊन त्या वाहण्याला लगाम बसतो. जपानच्या तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी वितळलेल्या सिलिकॉनची उष्णतावाहकता अशाच रीतीने मोजली, कारण घुसळण चालू असेल तर वाहणाऱ्या द्रवासोबत गेलेली उष्णता वेगळी काढता येत नाही. मात्र क्षेत्राच्या दिशेला समांतर अक्षाभोवती थेंब फिरत असेल, तर त्या फिरण्याला हा लगाम बसत नाही. थांबते ते द्रवाचे वाहणे. अणूंची उष्णतेमुळे होणारी धडपड तशीच चालू राहते.

या दाव्याला उत्तर देताना काही जण ‘द्रव धातू कधीच चुंबकाकडे ओढला जात नाही’ असे ठामपणे सांगतात, तेही पूर्ण खरे नाही. 1990 च्या दशकात जर्मनीतील संशोधकांनी 80 टक्के कोबाल्ट आणि 20 टक्के पॅलेडियम असलेल्या मिश्रधातूचा थेंब तीनशेहून अधिक अंशांनी अतिशीत केला, तेव्हा द्रव असतानाच तो आपल्या क्यूरी तापमानापर्यंत (ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते त्या तापमानापर्यंत) पोहोचला आणि बाहेरच्या चुंबकाकडे ओढला जाऊ लागला. ओढ इथे खरीच होती, पण ती अतिशीतनामुळे शक्य झाली. अतिशीतन तिच्यामुळे झाले नव्हते.