तेरा टक्क्यांचा भुरटा

माझ्या एम.टेक.च्या प्रबंधात १३ टक्के चोरी निघाली, त्या दिवशी बाहेर ४५ डिग्री होती आणि ग्रंथालयाच्या कूलरमध्ये पाणी नव्हतं. पाण्याचं मुद्दाम सांगितलं, कारण माझा प्रबंध कूलरवरच होता.

"तेरा," ग्रंथालयातल्या मॅडम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. तापाच्या वॉर्डातली नर्स "एकशे तीन" म्हणते ना, त्या आवाजात.

"दहाच्या आत पाहिजे न, मॅडम?"

"दहाच्या आत पाहिजे."

"मग आता?"

"मग काय. कमी करून आणा."

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमा करायच्या आधी प्रबंध एका सॉफ्टवेअरमधून काढतात, आणि त्यातला किती मजकूर आधी दुसऱ्या कोणी लिहिलेल्याशी जुळतो ते टक्क्यांत मोजतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याचे नियम काढले. त्यात चोरीच्या पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर शिक्षा नाही; तेवढं माणसाच्या हातून होतंच, असं आयोगाचं मत दिसतं. १० च्या वर आणि ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० म्हणजे वर्षभर सुधारलेली प्रतसुद्धा आणायची नाही. ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. या हिशोबाने मी निव्वळ भुरटा ठरत होतो. माझ्या रूममेटचे पहिल्या फेरीत ३८ निघाले होते. माझा आकडा ऐकून तो म्हणाला, "तेराच? म्हणजे काही वाचलंच नाही का बे तू?"

अहवालाची छापील प्रत हातात आली. चोरलेला मजकूर रंगीत पट्ट्यांनी रंगवलेला, होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या शर्टासारखा. आणि सगळ्यात जास्त रंगलेलं पान कोणतं, तर प्रमाणपत्राचं. 'सदर प्रबंध हे विद्यार्थ्याचे स्वतःचे मूळ काम असून अन्यत्र कोठूनही घेतलेले नाही' हे वाक्य अथपासून इतिपर्यंत दुसरीकडून घेतलेलं निघालं. ते मी घेतलं नव्हतं, कॉलेजनेच दिलं होतं. वर, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही अशी ताकीदही दिली होती. दरवर्षी सगळी पोरं तेच वाक्य, त्याच जागी, त्याच फॉन्टमध्ये छापतात. सॉफ्टवेअरने आमच्या अख्ख्या खानदानाला एकदम पकडलं होतं.

रात्री नियमांची पीडीएफ वाचून काढली आणि सकाळी नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळून पुन्हा ग्रंथालयात हजर झालो. खिशात आईने लू लागू नये म्हणून घातलेला कांदा, हातात नियम.

"मॅडम, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि आभार मोजायचे नाहीत असं यात लिहिलंय."

"मोजलेच नाही."

"मग प्रमाणपत्र कसं मोजलं?"

"यादीत प्रमाणपत्र लिहिलंय का?"

मी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. लिहिलं नव्हतं.

"मग प्रमाणपत्र बदलू का?"

"बदललं तर फॉरमॅट चुकते. फॉरमॅट चुकला की जमा नाही होत."

तेव्हाच आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि जिवाला लागली. आभार मोजत नाहीत! ते दोन पानी आभार लिहायला मी दोन रात्री जागलो होतो. प्रबंधात खरोखर माझं असं तेवढंच होतं, आणि नेमकं तेच सरसकट उचलायची मुभा होती.

मी दुसरा मुद्दा काढला. "यात असंही लिहिलंय की शास्त्राचे नियम आणि प्रमाणित समीकरणं वगळायची. हे लाल वाक्य तर शास्त्राचा नियम आहे."

मॅडमनी वाक्य वाचलं. "नियम न्यूटनचा असतो," त्या म्हणाल्या. "हे तर कूलरचं आहे."

त्या वाक्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझे मे महिन्यातले सहा दिवस त्यात गेले. कूलरमधून निघणारी हवा वेट-बल्ब तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही, एवढंच ते वाक्य. थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळून पंख्यापुढे धरा. पारा उतरत उतरत जिथे थांबेल ते वेट-बल्ब तापमान. हवा कोरडी तितकं पाणी जास्त उडतं आणि तितका पारा खाली जातो. नागपुरात ४५ डिग्रीला आर्द्रता १५ टक्के असेल तर तो २४ च्या आसपास थांबतो. चांगल्या ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेले पाण्याने भिजणारे पडदे, त्या वाटेवरचं ८० टक्के अंतर कापतात, म्हणजे खोलीत साधारण २८ ची हवा येते. म्हणून तर आपण जगतो. तोच कूलर समुद्राकाठी न्या, हवा आधीच ओली, पाणी उडायला तयार नाही, चार-पाच डिग्रीत खेळ खलास. वर अंथरूण ओलं होतं ते वेगळं. वाळा, वूडवूल आणि हनीकोम्ब अशा तीन ताट्या लावून मी होस्टेलच्या गच्चीवर दोन उन्हाळे हे मोजत बसलो होतो. आता कूलरवर लिहिणाऱ्या प्रत्येक माणसाने हे वाक्य लिहिलंय. दुसरं लिहिणार तरी काय?

गच्चीवर बसल्यामुळे आणखी एक घोळ झाला होता. आमच्या अभ्यासक्रमात ६८ क्रेडिट, आणि त्याशिवाय शून्य क्रेडिटचे ऑडिट कोर्स. शून्य क्रेडिट म्हणजे गुण नाहीत, पण हजेरी लागते, आणि पास झाल्याशिवाय सुटका नाही. यादीत भारतीय संविधान होतं, आपत्ती व्यवस्थापन होतं, तांत्रिक ज्ञानासाठी संस्कृत होतं. मी सोपं म्हणून 'योगातून तणाव व्यवस्थापन' घेतलं. त्यात माझी हजेरी भरली ७१ टक्के. पाहिजे ७५. तणाव व्यवस्थापनात हजेरी कमी आहे म्हणून प्रबंध अडकू शकतो, हे मला विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर उभं असताना कळलं, आणि तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्राणायाम केला. पुढचे चार दिवस सकाळी सात वाजता जादा तास. शवासनात डोळे मिटून पडलो की पापणीच्या आत १३ चा आकडा दिसायचा. योगाचे सर म्हणत, "सगळे विचार सोडून द्या." सर, सोडतो हो, पण पोर्टलवर प्रबंध जमा करायची तारीख आहे.

तारीख चुकली असती तर मुदतवाढ, मुदतवाढीची फी, आणि घरी उत्तरं. गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा पास होऊन आल्यामुळे मला शिष्यवृत्ती म्हणून महिन्याला १२,४०० रुपये मिळायचे, जास्तीत जास्त २४ महिने. दर महिन्याला कॉलेजने पोर्टलवर माझी हजेरी खरी असल्याचं सांगायचं, मग पैसे निघायचे, आणि मग कधीतरी पोहोचायचे. आई बजाजनगरात शेजारणींना "त्याला पगार चालू झाला" असं सांगून बसली होती. चोविसावा महिना संपत आला तेव्हा तिने विचारलं, "आता पर्मनंट करतील न?"

तर, वाक्य. नियमात एक फट होती: सर्वसाधारण माहितीचे सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य धरायचं नाही. मी लगेच तेरा-तेरा शब्दांची वाक्यं पाडायला बसलो. लिहायचं, बोटांवर मोजायचं, चौदाव्या शब्दाच्या अलीकडे पूर्णविराम ठोकायचा. माझ्या मार्गदर्शक सरांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, "धाप लागल्यासारखं का लिहून राहिला तू?"

मग शब्द बदलायला घेतले. प्रबंध इंग्रजीत होता, पण त्याची मराठी चव अशी: पहिल्या दिवशी 'हवा वेट-बल्ब तापमानाखाली जाऊ शकत नाही'. लाल. दुसऱ्या दिवशी 'वेट-बल्ब तापमानाखाली जाणे हवेस अशक्य आहे'. पिवळं. सहाव्या दिवशी, रूममेटने शब्दकोश काढल्यावर आणि मी अक्कल गहाण ठेवल्यावर, 'निर्गमित वायूच्या शीतलतेची आकांक्षा आर्द्र पाऱ्याची मर्यादा नम्रतेने स्वीकारते'. स्वच्छ! एक पट्टी नाही. हे वाक्य जगात आजवर कोणी लिहिलेलं नव्हतं आणि पुढेही कोणी लिहिणार नव्हतं. भीड चेपली. पान ४१ वर होतं, 'दमट हवेत कूलर निरुपयोगी ठरतो'. त्याचं मी केलं, 'आर्द्रतासंपन्न परिसरात उपकरणाचे शीतलन-औदार्य संकोच पावते'.

अहवाल आला ९.६. मॅडम पहिल्यांदा हसल्या. "पाहा, किती सुधारलं," त्या म्हणाल्या.

पुढचं काम बर्डीवरच्या बाइंडिंगवाल्याचं. कॉलेजच्या नियमपुस्तिकेबद्दल शंका आली तर मार्गदर्शकाकडे जाऊ नये, बाइंडिंगवाल्याकडे जावं, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो. डावीकडे दीड इंच समास, बाकी तिन्हीकडे एक, कोणत्या वर्षापासून निळं रेक्झिन बंद होऊन काळं आलं, सगळं त्याला तोंडपाठ. एका चिमट्यात पितळी अक्षरं उलटी जुळवायची, हीटरवर तापवायची, सोनेरी पन्नी ठेवून रेक्झिनवर दाबायची. पन्नी उचलली की अक्षर लखलखतं. पाच प्रतींवर त्याने 'फुलफिलमेंट' लखलखवलं, 'फिल'ला दोन एल लावून.

"भाऊ, आतल्या पानावर एकच एल आहे."

"सगळे दोनच लावतात."

"पण आत आणि बाहेर अक्षरशः सारखं पाहिजे म्हणतात."

त्याने पाचही प्रतींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ब्लेड घेतलं आणि एकेक सोनेरी एल खरवडून काढला. त्या जागी दात पडल्यासारखी फट राहिली. "आता एकच आहे," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

तोंडी परीक्षेला मुंबईहून बाह्य परीक्षक आले. सकाळी तर्री पोहे झाल्यामुळे प्रसन्न होते. त्यांनी मुखपृष्ठावरच्या फटीवरून बोट फिरवलं, "इथे काही होतं का?" असं विचारलं. सर म्हणाले, "उन्हाने उडालं असेल." पुढे अर्धा तास माझे आलेख, माझं मलमल, माझी गच्ची. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी त्यांनी चश्मा काढला.

"हे परीक्षेचं नाही, सहज विचारतो. काल बर्डीवरून एक कूलर घेतला. वाळ्याची ताटी, काय वास येतो हो! ट्रान्सपोर्टला टाकलाय आमच्या दादरच्या पत्त्यावर. चालेल ना चांगला?"

मी सरांकडे पाहिलं. सर छताच्या पंख्याकडे पाहू लागले. ग्रेडचा कागद टेबलावर होता, सही व्हायची होती.

"तुम्ही आर्द्रतेवर लिहिलंय ना कुठेतरी?" परीक्षक पानं चाळत म्हणाले. "हे पाहा. एक्केचाळीस."

त्यांनी ते वाक्य वाचलं. ओठ हलवत पुन्हा वाचलं. खोलीत कूलरची मोटर तेवढी घरघरत होती.

"शीतलन-औदार्य," ते मान डोलावत म्हणाले. "वा. म्हणजे चालेल तर."

आणि त्यांनी सही केली.